एकूण वजा अश्लेषा

माझी उंची चार फूट अकरा इंच आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण स्कीच्या कुठल्याही दुकानात गेलं की विक्रेता पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतो आणि मग लहान मुलांच्या सामानाकडे वळतो. अकरा वर्षं मी स्की करतेय. सगळ्यात अवघड उतारावरूनही मी मजेत खाली येते. पण ते काही कपाळावर लिहिलेलं नसतं.

माझा नवरा प्रसन्न स्की करत नाही. तो शॅनन गावातल्या एका कारखान्यात स्टेंट तपासतो आणि घरी आला की उरलेलं जग. गेल्या जानेवारीत ऑस्ट्रियात मी पडले, भाड्याच्या स्कीची बाइंडिंग सुटली नाही आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. माणूस पडला की ती सुटायला हवी. किती जोर आला की सुटायचं, ते स्क्रू फिरवून एका आकड्यावर ठरवतात. "आकडा चुकवला त्या गाढवांनी!" म्हणत प्रसन्नने त्या दुकानाला सहा ईमेल पाठवल्या. सहावीला तक्ता जोडला होता. मी दर वेळी "जाऊ दे ना रे" म्हणायचे. माझ्या मोठ्या मनाचं त्याला भारी कौतुक.

वर्षभराच्या व्यायामानंतर फिजिओने मला परत उतारावर जायची परवानगी दिली. प्रसन्नने अट घातली, की बाइंडिंग स्वतःची घ्यायची आणि घेताना तो बरोबर असणार. म्हणून शनिवारी सकाळी लिमरिकहून निघून आम्ही चेरीवूडजवळच्या एका छोट्या दुकानात पोचलो. प्रसन्नच्या काखेत फाइल होती.

दुकानदार फर्गल साठीचा, गालावर लाली असलेला गृहस्थ. त्याने मला पाहिलं आणि पेंग्विनचं चित्र असलेली बाइंडिंग काढली.

"ही ग्रँड आहे. हलकी आहे एकदम."

"पेंग्विन नको," मी म्हटलं.

"ती एक्स्पर्ट आहे," प्रसन्न म्हणाला.

फर्गलने मान डोलावली आणि तिथून पुढे मात्र माझ्याशीच बोलला. "मग अडचण आहे खरी. दणकट बाइंडिंग बनवतात धिप्पाड लोकांसाठी, त्यांचा आकडाच सहापासून सुरू होतो. हलक्या माणसासाठी म्हणून मिळतात त्या नवशिक्यांच्या. तुम्हाला दणकट हवी, पण तुमचा आकडा तिच्या मध्यावर कुठेतरी यायला हवा, टोकाला नाही." त्याने वरच्या फळीवरून एक काळी जोडी काढली. तिचे आकडे तीन ते अकरा होते. "आकडा वजनावरून निघतो. वजन किती तुमचं?"

"छप्पन," मी म्हटलं. सवयीने तोंडातून निघून गेलं.

प्रसन्नचं डोकं फाइलमधून वर आलं.

आता हे सांगायला हवं. पुण्याला जायच्या आधी आमच्याकडे बॅगा मोजण्याचा सोहळा असतो. हुकाला लटकवायच्या काट्यावर प्रसन्नचा विश्वास नाही. मग मी बॅग कवटाळून बाथरूमच्या काट्यावर उभी राहते, तो गुडघे टेकून आकडा वाचतो आणि त्यातून मला वजा करतो. एकूण वजा अश्लेषा बरोबर बॅग. माझं वजन माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ आहे.

"नोव्हेंबरमध्ये बॅग तेवीस होती," तो मराठीत म्हणाला. "एकूण एकोणसत्तर पॉइंट दोन."

"कपड्यांसकट छप्पन."

"दहा किलोचे कपडे? चिलखत घालून फिरतेस का?"

त्याने फाइल हळूच मिटली.

"ऑस्ट्रियात पण छप्पनच लिहिलं होतंस?"

मी होकारार्थी मान हलवली. मला मनापासून लाज वाटली. मी भूल देणारी डॉक्टर. पेशंटच्या एकेका किलोमागे औषध मोजण्यात माझा दिवस जातो, आणि स्वतःच्या फॉर्मवर मी दहा किलो ठोकून दिले होते.

"सेहेचाळीस लिहिलं की मुलांचं सामान हातात देतात रे," मी म्हटलं. "छप्पन लिहिलं तेव्हा कुणी काही विचारलं नाही. फार बरं वाटलं होतं."

"मी सहा ईमेल पाठवल्या."

"हो."

"सहावीला तक्ता जोडला होता."

"हो रे."

फर्गलला मराठी येत नव्हतं, पण संसार केलेला माणूस असावा. तो तेवढ्यात काउंटर पुसायला लागला.

"सेहेचाळीस पॉइंट दोन," मी त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने खाडाखोड केली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. शेवटचा रकाना मी भरायचा होता. जपून स्की करत असाल तर एक, बेताने करत असाल तर दोन, जोरात असाल तर तीन. जितका मोठा नंबर, तितकी पकड घट्ट आणि सुटायला उशीर.

प्रसन्नकडे न बघताच मला कळत होतं त्याला काय हवंय ते. ऑपरेशननंतर दोन महिने त्याने रोज माझ्या पायात मोजा चढवला होता. पहिल्यांदा काठीशिवाय चालले तेव्हा रडला तो होता. मी 'एक' लिहायला पेन टेकवलं.

"काय लिहितेस?"

"एक. तुला नीट झोप लागेल."

"परत खोटं?" त्याने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "थ्री," तो फर्गलला म्हणाला. "शी इज अ थ्री." आणि रकान्यात स्वतः तीन लिहून त्याने पेन मला परत दिलं, सही करायला.

फर्गलने तक्ता पाहिला आणि स्क्रू फिरवून आकडा साडेचारवर आणला. ऑस्ट्रियातला साडेपाच होता. प्रसन्नने चष्मा कपाळावर चढवून तो दोनदा वाचला, बॅगेचा वाचतो तसाच.

"सातवी ईमेल तू लिहायचीस," बाहेर पडताना तो म्हणाला. "तक्त्यासकट."