वरची राख

"अम्मा, ताजं आणा. अन् वर राख टाकू नका."

मुनवरभाईंचा तो हळू, आर्जवी आवाज पार्वतम्मांच्या कानात म्हातारपणीही तसाच होता. निजामाच्या राज्यातले दिवस. धाराशिवच्या दवाखान्यामागं एक कौलारू खोली होती. तिथं मुनवरभाई खुर्दबिनीच्या नळीला डोळा लावून बसायचे, बारीक जीव मोठे करून बघायचे. फिनेलचा वास कुठं आला की पार्वतम्मांना ती खोली आठवायची, अन् उगाच बरं वाटायचं.

त्या साली त्यांच्या यजमानांना, ईरण्णांना, रक्ताची आव लागली. सांजा गावच्या तेलघाण्यावर बैलाच्या बरोबरीनं राबणारा माणूस, भिंत धरून परसाकडं जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "आव दोन जातींची असते. एकीला सुई लागते; दुसरी जंतूंची, तिला नव्या गोळ्या. चुकीची सुई दिली तर हे अंग सोसायचं नाही. आधी शौच तपासून घ्या."

पार्वतम्मांनी कोऱ्या बोळक्यात घेतलं. पण उघडी घाण कुणाच्या हाती द्यायची नाही, ही घरची रीत. म्हणून चुलीतली राख चाळून वर मायेनं पसरली, अन् बोळकं मुनवरभाईंकडं नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी मुनवरभाईंनी काचेची बशी दाखवली. "जंतू वाढावेत म्हणून यात खळ घातली होती. काय बी उगवलं न्हाय. राखेनं सगळे मेले, अम्मा."

"तुम्हाला वास येऊ नये म्हणून टाकली हो, भाऊ."

"आमचं पोटच या वासावर चालतंय!" ते हसले. मग गंभीर होऊन ताजं आणायला सांगितलं.

घरी ईरण्णा बाजेवरूनच म्हणाले, "जन्मभर गावाला तेल दिलं, कुणी वाखाणलं न्हाय. हे मात्र लोक परत मागायलेत!"

"गप पडून ऱ्हावा. शिवाचं नाव घ्या." पार्वतम्मा हसल्या, अन् पदरानं डोळे पुसले.

स्नान, लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम. पण पहाटे ईरण्णा परसाकडून आले अन् ताजं तेव्हाच मिळालं. पूजा करत बसावं तर शिळं व्हायचं. शिवाला उशीर चालेल, याला चालायचा नाही, असं मनाशी म्हणत त्या कोरड्या घशानं वाट तुडवत गेल्या. परतून न्हाऊन पूजेला बसल्या तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

या खेपेला बशीत ठिपके उगवले. जंतूंचीच आव. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, अन् हळूहळू ईरण्णा भाकरी मागू लागले.

पार्वतम्मा हात जोडायला गेल्या तेव्हा मुनवरभाई म्हणाले, "माझं काय न्हाय त्यात. तुमच्याच आळीत द्वारकाबाईंची सून अशीच पडलीय म्हणं. लाजेपायी काय बी पाठवत न्हायती. आमी गडीमाणसं, काय सांगणार? तुम्ही बोलाल का?"

"बोलते, भाऊ."

घरी येऊन त्यांनी ईरण्णांना पेज दिली, अंगावर घोंगडी सारखी केली. त्यांचा डोळा लागला. मग पार्वतम्मा उठल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला, दार अलगद ओढलं, अन् द्वारकाबाईंच्या घराकडं चालू लागल्या.