ओलं फडकं

कबरींवरचे दगड कोरणारा तो म्हातारा घाईचा माणूस कधीच नव्हता. माणूस पुरून महिना होत नाही तोच कुणी दगड बसवायला आलं, की तो सरळ परत पाठवायचा. "माती बसू दे. वर्ष जाऊ दे. आत्ता बसवला तर दगड तोंडावर पडेल. देवाच्या वेळेला बसतो तो, तुमच्या-माझ्या नाही." चाळीस वर्षं लोकांना हेच सांगितलं. स्वतःची बायको गेली तेव्हा मात्र आठवड्याच्या आत त्याने छिन्नी उचलली.

आता आठ महिने झाले होते, पण बायको काही दुकानातून गेली नव्हती.

होती तेव्हा त्याच्या मागे स्टुलावर बसायची. बादलीत फडकं भिजवून दगडावरची धूळ पुसायची. त्याचा हात भरभर चालायला लागला, की कोरत असलेल्या अक्षरावरच फडकं टाकायची. "अहो, मेलेल्याला कसली घाई?" फडकं पडलं की थांबायचं, हा दोघांमधला कायदा. आता स्टूल रिकामं, बादली कोरडी ठणठणीत, फडकं खिळ्यावर वाळून कडक झालेलं. तरी रोज मागून फडकं पिळल्याचा आवाज यायचा. तो वळून बघायचा नाही. ती बोलावते आहे, असंच तो धरून चालला होता.

त्या सकाळी लेक डबा घेऊन आली.

"आईचा दगड दाखवा की पप्पा. किती दिवस झाकून ठेवणार?"

"झाला की बघ."

"तुमचं 'झालं की' मला लहानपणापासून माहीत आहे!" असं म्हणत तिने गोणपाट ओढलं. खाली, दगडाच्या उजव्या कोपऱ्यात, ओलं फडकं पसरलेलं होतं. तिने ते उचललं आणि वाचायला लागली. डावीकडे आईचं नाव, दोन सालं. उजवीकडे बापाचं नाव. त्यालाही दोन सालं.

"हे तर यंदाचं साल."

"हो."

"यंदाचे दोनच महिने उरलेत, पप्पा."

"पुरेत."

बापाची लपवायची जागा तिला ठाऊक होती. छिन्न्यांची पेटी उघडून तिने तळाशी हात घातला. हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. एकही फोडलेलं नव्हतं.

"मी काही वाईट करत नाही," तो म्हणाला. "नुसत्या घेत नाही. पुढचं देव बघेल."

"देव बघेल? त्याला तर तुम्ही तारीख कोरून दिलीत! एवढं त्याचं काम हलकं केलंत, आता तो बिचारा बघणार काय?"

एरवी तो चिडला असता. पण त्याची नजर तिच्या हातावर होती. फडक्यातून पाणी ठिबकत होतं.

"हे कुठे होतं?"

"तुमच्या सालाच्या आकड्यावर. तुम्हीच टाकलंत ना?"

खिळा रिकामा होता. त्याने बादलीत हात घालून पाहिलं. कोरडी.

तो स्टुलावर बसला. तिच्या जागेवर आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

"बोलावत नव्हती," तो पुटपुटला. "थांबवत होती गं."

लेकीने डोळे पुसले. "खोडता येईल?"

"दगडात खोडता येत नाही. आकडा बोटभर खोल गेलाय. दगडाची अख्खी दर्शनी बाजू घासून उतरवावी लागेल." तो थांबला. "तिचं नावसुद्धा."

ते नाव तो रोज संध्याकाळी बोटाने चाचपायचा, मगच घरी जायचा.

"मग पुन्हा कोरायला?"

"घासण्यातच चार महिने जातील."

"म्हणजे यंदा नाही."

"यंदा नाही."

तिने गोळी फोडून त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती तोंड वाकडं करून गिळली. मग छिन्नी बायकोच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवली.

"देवा, तुझ्या वेळेला," तो म्हणाला. लोकांना सांगताना कधी अडखळला नव्हता. आज अडखळला.

त्याने हातोडा मारला. धूळ उडाली. सवयीने त्याने फडक्यासाठी हात मागे केला.

लेकीने फडकं पुढे केलं. मघाशी ठिबकणारं ते आता वाळून कडक झालं होतं.