सतरा मुलींचे फॉर्म

गुणाकर सरांच्या घरी सकाळी सातला गणिताची शिकवणी चालायची. शिकवणारे सर स्वतः आणि शिकणारी त्यांची एकुलती एक लेक देवश्री. बालाघाटच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये देवश्री वही पुढं ढकलून कुरकुर करायची, "पापा, ये वाला नहीं बन रहा." सर चहाचा कप बाजूला ठेवायचे. "बनेल. पुन्हा कर. गणित सोडलंस तर पुढची अर्धी दारं बंद होतात, ध्यानात ठेव." कालिंदीबाई डबा भरता भरता ओरडायच्या, "अहो, दारं राहू द्या, बस चुकेल!"

बस कटंगी रस्त्याची. जामटोला नावाच्या गावात मुलींची सरकारी शाळा होती आणि सर तिचे प्रभारी प्राचार्य होते. सर चांगले माणूस होते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसाच्या हातून असं घडलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

१९९८ साली ही शाळा दहावीवरून बारावीपर्यंत वाढवायचं ठरलं. वरच्या कार्यालयातून फॉर्म आले. दहावीच्या प्रत्येक मुलीनं आपल्या हातानं लिहायचं होतं की अकरावीला तिला काय हवं, कला, गृहविज्ञान की गणित-विज्ञान. ज्या विषयाला पंधरा मुली मिळतील तो सुरू होणार होता. मुलींना कुणी काही विचारावं ही गोष्टच त्या गावात नवी होती. एकेचाळीस मुली पेन चावत बसल्या, एकमेकींच्या कागदात डोकावल्या आणि शेवटी सतरा जणींनी गणित-विज्ञान लिहिलं.

त्यात पहिलं नाव श्रुतिकाचं. धान पिकवणाऱ्या प्रेमलालची ही मुलगी. मधल्या सुट्टीत ती बाकीच्यांना बीजगणित समजावून द्यायची. फॉर्म देताना ती म्हणाली, "सर, मले गणितच पाह्यजे. बाबा म्हणते, गावात असन त शिक, कटंगीले पोरांच्या शाळेत नाही धाडत."

"हौ बेटा, होईल," सर म्हणाले. तेव्हा ते मनापासून म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी हिरालाल शाळेत आले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि चार-पाच बाप त्यांच्या मागं उभे होते.

"गुरुजी, गणित कायले आणून राह्यले? पोरीले क्या इंजीनियर बनाना है? पाहुणे येतेत त पह्यले विचारतेत, शिवणं-टिपणं येते का. बारावी गृहविज्ञान म्हणलं का सोयरीक झटकन जुळते. गणितवाली पोरगी कोण करते?"

प्रेमलाल मागून हळूच म्हणाला, "पोरीच्या मनात असन त घेऊ द्या न." पण तो हळू म्हणाला, आणि हळू बोललेलं त्या खोलीत कुणाला ऐकू जात नव्हतं. सरांना मात्र गेलं होतं.

त्या दुपारी सरांनी स्वतःला बरंच काही समजावलं. गणिताचा मास्तर खेड्यात यायचा नाही. प्रयोगशाळा कुठून आणायची? मुली नापास झाल्या तर शाळेचा निकाल पडेल. बाप चिडले तर मुली शाळेतूनच काढतील. ही सगळी कारणं खरी होती, पण त्यातलं कुठलंही फॉर्मवर लिहून वर पाठवता आलं असतं. सरांनी तसं केलं नाही. ऑफिसचं दार लोटून घेतलं, कोरे फॉर्म काढले आणि सतरा मुलींच्या नावानं गृहविज्ञान लिहिलं. एकाच हातचं वाटू नये म्हणून कधी निळी शाई घेतली, कधी काळी. सह्याही त्यांनीच केल्या. मुलींचे मूळ फॉर्म चहाच्या चुलीत गेले. त्या चुलीवर चहा झाला आणि सर तो प्यायले.

जुलैत शाळेत शिलाई मशिनी आल्या. फळ्यावर विषयांची यादी लागली. श्रुतिकानं ती दोनदा वाचली.

"सर, आमी त सतरा जणी होतो."

"मी खूप लिहिलं बेटा. वरूनच नामंजूर झालं."

तिनं विश्वास ठेवला. सर खोटं बोलू शकतात हे तिला माहीतच नव्हतं. गृहविज्ञानात नाव घालायला मात्र ती तयार झाली नाही. "भाजी मले घरीच येते," असं म्हणून ती निघाली आणि परत आली नाही.

प्रेमलालचं धानाचं शेत रस्त्याला लागूनच होतं. पावसाळ्यात बस तिथून जाताना चिखलात वाकून परहा, म्हणजे धानाची रोपं, लावणाऱ्या बाया दिसायच्या आणि त्यांच्यात शाळेचा जुना निळा कुर्ता घातलेली एक पोरगी. सरांनी उजव्या बाजूच्या खिडकीत बसणं सोडून दिलं. घरी देवश्रीची शिकवणी चालूच होती. ती "पापा, हो गया!" म्हणून वही दाखवायची, तेव्हा सरांना तिच्याकडं सरळ बघवत नसे. कालिंदीबाईंना वाटायचं, यांना चाळिशीचा चष्मा लागला असावा.

दोन वर्षं अशी गेली. त्यात देवश्रीनं अकरावीचा फॉर्म भरला आणि गणित घेतलं. श्रुतिकाला अठरा पूर्ण झाले आणि लांजीकडची सोयरीक जुळली. प्रेमलाल शाळेत आला. "गुरुजी, लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर तुमीच लिहून द्या. तुमचं अक्षर मोत्यावानी हाये."

सर गेले. ओसरीवर चटई टाकलेली. विमलाबाईंनी, म्हणजे श्रुतिकाच्या आईनं, चहा आणून ठेवला. देवांची नावं लिहून झाली, कुळाची झाली, मुलीचं नाव आलं.

"शिक्षण काय लिहू? दहावी?"

प्रेमलाल घुटमळला. "बारावी गृहविज्ञान लिहून देजा न गुरुजी. पाहुण्याले तसंच सांगतलं हाये. तुमच्याच शाळेचं हाये, तुमी लिहिलं त कोण इचारते?"

सरांचा पेन थांबला. त्यांनी पेन चटईवर ठेवला.

"प्रेमलालभाऊ, मी तिच्या नावावर हेच खोटं एकदा लिहिलं आहे. आता पुन्हा नाही लिहीत." आणि त्यांनी सगळं सांगितलं. फॉर्म, दोन शाया, सह्या, चूल. सांगताना त्यांनी हिरालालचं नाव घेतलं नाही.

"पन गुरुजी," विमलाबाई म्हणाल्या, "पोरगी त म्हणे, तुमी वर लय लिहिलं होतं. मी त देवापाशी तुमचं नाव घेतलं."

"तेही खोटंच होतं, बाई."

प्रेमलालनं खाली मान घातली. "मी बी त जोरानं नाही बोललो," तो पुटपुटला.

विमलाबाई मात्र सरांकडंच बघत होत्या. "एक सांगा गुरुजी. तुमच्या पोरीचा फारम कोणं भरला?"

"तिनंच," सर म्हणाले.

श्रुतिका दारात उभी राहून सगळं ऐकत होती. सर उठून तिच्यासमोर गेले. हात जोडावेत असं त्यांना वाटलं, पण ती संकोचेल म्हणून जोडले नाहीत.

"बेटा, मी उद्याच वर लिहितो. सगळं खरं लिहितो. शाळेत गणित येईल."

"कोणासाठी, सर?" तिनं विचारलं आणि ती आत गेली.

सरांनी दुसऱ्या दिवशी खरंच लिहिलं. सतरा मुलींची नावं लिहिली, मुलींनी गणित मागितलं होतं आणि मी खोटे फॉर्म पाठवले, असं लिहून खाली सही केली. चौकशी झाली, प्राचार्यपद गेलं, बदली झाली. त्यांनी कुठं दाद मागितली नाही. देवश्रीला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस ती सकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसली नाही.

पत्रिकेत शेवटी दहावीच छापलं. लांजीच्या पाहुण्यांनी त्याबद्दल एका शब्दानंही विचारलं नाही. ज्या पाहुण्यांच्या धाकानं सतरा मुलींचं गणित गेलं, त्यांना मुलीचं शिक्षण वाचायचंही नव्हतं.

जामटोल्याच्या शाळेत गणित-विज्ञान सुरू व्हायला आणखी दोन वर्षं लागली. या वेळी पंधराची अट सोडून दिली होती; पहिल्या वर्गात नऊ मुली बसल्या. गावानं नारळ फोडला आणि हिरालालांनी भाषणही केलं. तुमच्या घरी मुलीच्या नावाचा असा कागद येईल, तेव्हा पेन तिच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर जाऊन बसा. आणि तो कागद गोळा करणारे तुम्हीच असाल, तर तिनं लिहिलंय तसाच तो पुढं पाठवा.