दुसऱ्या पाळीची शंखवाली

मित्रांनो, माझ्या डाव्या कोपऱ्यात छापलेला आकडा आता खरा नाही. मी एक जुने कार्ड आहे. जादूच्या राज्यांच्या एका खेळातली मी शंखवाली. माझ्या चित्रात एक बाई तटावर उभी राहून शंख फुंकते आहे. खाली माझे काम लिहिले आहे: आपला एखादा सैनिक पडला, की शंखवाली गठ्ठ्यातून एक नवे कार्ड बोलावते.

छापखान्यात एका मोठ्या कागदावर माझ्याबरोबर ड्रॅगन, चेटकिणी आणि राजे होते. पात्याने आम्हाला वेगळे केले, आमचे कोपरे गोल केले आणि चंदेरी पाकिटांत बंद केले. माझे पाकीट सिंगापुरातल्या बेडोक भागातल्या एका दुकानात अमेयने फोडले. तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता.

आमच्या खेळात प्रत्येक पाळीला खेळाडूला मणी मिळतात: पहिल्या पाळीला एक, दुसऱ्या पाळीला दोन, असे वाढत जातात. माझी किंमत होती दोन मणी, म्हणून मी दुसऱ्याच पाळीला पटावर यायचे. अमेयची सगळी खेळी त्यावर उभी होती. तो आपले स्वस्त, दुबळे भुरटे चोर पुढे ढकलायचा. ते पटापट पडायचे, आणि प्रत्येक वेळी मी त्याच्या हातात नवे कार्ड आणून द्यायचे.

दर रविवारी जेवण झाले की अमेय आणि त्याची धाकटी बहीण अवनी त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी बसायची.

"आली बघ माझी बाई!" मला ठेवताना अमेय म्हणायचा.

"नॉट फेअर लाह, दादा! दर वेळी तीच!"

अवनी कधीच जिंकली नाही, पण खेळायला तीच आधी खाली पळायची. अमेयच्या बोटांनी माझ्या कडा मऊ झाल्या. ते दिवस मला फार आठवतात.

मग अमेय मोठा झाला आणि तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेसाठी टेकोंग बेटावर गेला. तिथे सुरुवातीचे काही आठवडे घरी सोडत नाहीत. नेमके त्याच काळात खेळ काढणाऱ्या कंपनीने जाहीर केले, की शंखवालीमुळे सगळे डाव एकसारखे होऊ लागले आहेत, म्हणून तिची किंमत यापुढे चार मणी धरावी. माझ्यावर छापलेला दोनचा आकडा मात्र तसाच राहिला.

अमेय पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

"दादा, पूर्ण बोटाक! टकलू!" अवनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत हसली.

"हात काढ. कार्डं वाट."

दुसऱ्या पाळीला त्याने मला ऐटीत ठेवले. अवनीने माझ्यावर बोट ठेवले.

"दादा, ती आता चारला आहे."

"कोणी सांगितलं? हे बघ, दोन छापलंय."

"कंपनीनं बदललं. तू कॅम्पमध्ये होतास."

त्याने मला उचलून घेतले. चौथ्या पाळीला मी आले, तोवर त्याचे सगळे चोर पडून गेले होते. शंख फुंकायचा तरी कोणासाठी? अवनी आयुष्यात पहिल्यांदा जिंकली, पण तिने टाळीसुद्धा वाजवली नाही.

"मी नव्हतो तेवढ्यात खेळच बदलला," अमेय म्हणाला. "परत शिकायला मला वेळ नाही गं. तूच ठेव सगळं."

पुढच्या रविवारी तो दुपारभर झोपला, त्याच्या पुढच्याही. मी खणात, जुन्या चार्जरच्या वायरींखाली पडून राहिले. अवनी खण उघडायची, बघायची आणि बंद करायची. दादा आता आपल्याशी कधीच खेळणार नाही, असे तिला वाटू लागले होते.

तिची आई मेधा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. एकदा तिने विचारले, "शंखवाली वाईट झाली, की नुसती उशिरा येते?"

"उशिरा येते."

"मग तिच्या आधी कोण यायला हवं, ते बघ ना. पण एका वेळी एकच गोष्ट बदल."

अवनीने चोर काढले आणि तिथे ढालकरी घातले. ढालकरी फार मारत नाहीत, पण लवकर पडतही नाहीत. जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी ती एकटीच खेळून बघायची. आधी ढालकरी इतके झाले, की हल्ला करायला कोणीच उरेना. मग तिने थोडे कमी केले.

पुढच्या रविवारी अमेय कॅम्पला परतायची बॅग भरत होता. तिने आम्हाला त्याच्यासमोर ठेवले.

"एकच डाव. तुझी कार्डं मी घेते, माझी तू घे."

"अगं, बस पकडायचीय मला."

"प्लीज, दादा."

चौथ्या पाळीला मी ढालकऱ्यांच्या मागे येऊन उभी राहिले.

"उशीर झाला बाईला," अमेय हसला आणि त्याने ड्रॅगन सोडला. एक ढालकरी पडला. मी कार्ड आणले. दुसरा पडला, मी पुन्हा आणले. अमेय पुढे सरकून बसला.

"थांब थांब. हे कुठे शिकलीस?"

"मीच शोधलं."

डाव शेवटी अमेयनेच जिंकला, तोही जेमतेम. पण तो उठला नाही. त्याने सगळी कार्डे जमिनीवर पसरली. "तुझ्याकडे अजून एक ढालकरी जास्त आहे, अवने. तो काढ, तिथे धनुर्धर घाल."

"धनुर्धर? तो पाचला आहे, दादा!"

"मग काय झालं? आता आपल्याला घाई कुठाय?"

"अमेय, बस चुकेल रे!" मेधाने हाक मारली.

"पुढची पकडतो, आई."

मित्रांनो, आमचे आकडे बदलत राहतील. बदललेले कार्ड फेकण्याआधी एकदा दुसऱ्या जागी ठेवून पाहा. खेळताना हात कोरडे ठेवा. इथली दमट हवा आम्हाला आधीच सोसत नाही. आणि घरातले कोणी दूर असताना खेळाचे नियम बदलले, तर तो परत येईल तेव्हा त्याच्या शेजारी बसून त्याला ते समजावून सांगा.