कुमुदने दाबलेला ब्रेक

कुमुदने घाटात दाबलेला ब्रेक अजून खाली जात होता. तिचे तेरावे उरकले, तरी चेपलेली गाडी हणमंत मेस्त्रीच्या गॅरेजसमोर उभी होती आणि ब्रेकचे पेडल गाडीचा तळ, खालचा मुरूम, त्याखालचा कातळ भेदून सावकाश खाली चालले होते.

कुमुदचा नवरा दिगंबर रोज येऊन त्या भोकात डोकावायचा. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोकही डोकावून गेले होते. तरी त्यांचे आपले एकच, बाई घाबरली आणि ब्रेक सोडून ॲक्सिलेटरवर पाय दिला. हे त्यांना हणमंतानेच सांगितले होते.

आज दिगंबरचे डोके फिरले. त्याने हणमंताला कॉलरला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवले.

"ब्रेक चांगला होता ना? मग दाब."

"दाबतो की. माझ्या हातचं काम आहे, दादा."

हणमंताने भोकात पाय घातला. पाय घोट्यापर्यंत गेला, मग गुडघ्यापर्यंत. कंबर आत गेली तेव्हा तो म्हणाला, की लागतोय ब्रेक, जरा दम धरा. छाती गेली तेव्हा त्याने स्टिअरिंग पकडले. स्टिअरिंग ओल्या कणकेसारखे ताणले जाऊन त्याच्याबरोबर खाली आले.

"तेल कुठलं घातलंस?"

तेव्हा कुठे तो बोलला. खंडेनवमीला त्याने पान्यांशेजारी ब्रेक ऑइलचा डबाही पूजेला मांडला होता. झाकण उघडेच राहिले. फुलाने शिंपडलेले पाणी आत पडले. पूजेतला डबा टाकवेना, म्हणून तेच तेल कुमुदच्या गाडीत ओतले. उतारावर ब्रेक तापले, पाण्याची वाफ झाली आणि पेडल पोकळ पडले.

"मग तिनं काय दाबलं?"

"वहिनींनी ब्रेकच दाबला."

"मोठ्यानं बोल. टपरीवर ऐकू जाऊ दे."

हणमंत ओरडला, पण तोवर त्याचे डोके जमिनीखाली गेले होते. टपरीवर एकाने आणखी दोन चहा सांगितले. दिगंबर भोकाच्या कडेला पालथा पडला. खालून पुन्हा हाक आली. हणमंत जीव तोडून ओरडत होता आणि आवाज आधीपेक्षा बारीक येत होता. टपरीवर कुणीतरी विचारत होते, घाटात बाईच्या हातात गाडी दिलीच कशाला.

"पुन्हा," दिगंबर भोकात तोंड घालून म्हणाला. "मोठ्यानं."