अकराव्या मिनिटाची खरखर

प्रार्थनागृहाचा माइक वर्षातून चारदा आजारी पडायचा, आणि तोही ठरल्या वेळी. गुरुजींचं ‘शुद्ध घर’ हे प्रवचन सुरू झालं की दहा मिनिटं सगळं सुरळीत चालायचं आणि अकराव्या मिनिटाला खर्रर्र. दीड मिनिट हजारभर माणसं एकमेकांची तोंडं बघत बसायची. आवाज परत यायचा तेव्हा गुरुजी पाणी पीत असायचे. त्यांना यातलं काही कळत नसे, कारण त्यांच्या समोरचा छोटा स्पीकर वेगळ्या बटणावर होता, आणि गुरुजींपर्यंत तक्रार नेण्याची तिथे पद्धत नव्हती. तक्रार जायची अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष तरातरा मागच्या कोपऱ्यात, यंत्रांच्या टेबलापाशी यायचे.

“माइकवाले, आज काय झालं?”

“वायरवर कबूतर बसलं होतं,” माइकवाले शांतपणे सांगायचे.

कधी कबूतर, कधी उंदीर, कधी दमट हवा. वीस वर्षांत मंडळाने तीन माइक बदलले आणि उंदरांसाठी दोन पिंजरे आणले. पिंजऱ्यात उंदीर एकदाही सापडला नाही, अध्यक्षांचं बोट मात्र दोनदा सापडलं.

माइकवाले आपल्या मुलीला ‘फ्यूज’ म्हणत, कारण ती पटकन उडायची. फ्यूज शाळेत विज्ञान शिकवायची. वडील इस्पितळात पडले तेव्हा तिने टेबल सांभाळायचं कबूल केलं, आणि पहिल्याच रविवारी, माणसं जमायच्या आत, तिचे हात शिवशिवले. यंत्राचं झाकण उघडून बघते तर मुख्य बटणाखाली एक वायर सुटी लोंबत होती, जराशी हलली की खरखरणारी. रोग वीस वर्षांचा आणि उपाय दोन मिनिटांचा! तिने वायर सोल्डर करून पक्की केली. त्या दिवशी ‘शुद्ध घर’ मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत पोचलं. अध्यक्ष म्हणाले, “बापापेक्षा लेक सवाई!”

संध्याकाळी तिने इस्पितळात ही फुशारकी मारली. बाबांचं हसू मावळलं.

“कुठलं प्रवचन?”

“‘शुद्ध घर’. एक शब्द सुटला नाही कोणाचा.”

त्यांनी डोळे मिटले. “टेबलाच्या खणात वही आहे. ती बघ.”

औषधांमुळे बरळतायत, असं तिला वाटलं. तिने पांघरूण सारखं केलं, त्यांचा चष्मा पुसून उशाशी ठेवला आणि घरी आली. सोमवारी पहाटे ते गेले. चष्मा तसाच स्वच्छ होता.

मंगळवारी भरदुपारी चौघे जण शिंपीकाकांच्या दुकानात शिरले. शिंपीकाका बाबांचे जुने मित्र. ते आणि घड्याळवाले चोवीस वर्षं दुकानावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहत होते. गल्लीत कोणी त्यांना भाऊ म्हणे, कोणी मित्र. ते स्वतः नुसतं ‘आम्ही’ म्हणत, आणि ज्याला कळायचं त्याला कळे. चौघांनी शिंपीकाकांचा उजवा हात त्यांच्याच इस्त्रीने ठेचला. घड्याळवाल्यांची कपाटं फोडली. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांतला एक म्हणाला, “आम्ही कीड काढत होतो.”

शनिवारी फ्यूजने खण उघडला. वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या गोल अक्षरात, गुरुजींच्या लेखी प्रवचनातून उतरवलेली वाक्यं होती: ‘ज्या घरात पुरुषाने पुरुषाशी संसार मांडला, त्या घराला कीड लागली. कीड प्रार्थनेने जात नाही, हाताने काढावी लागते.’ खाली एकच ओळ होती: ‘हे मी ऐकवणार नाही.’ आणि मग तारखाच तारखा.

‘११वं मिनिट. कबूतर.’

‘११वं मिनिट. उंदीर. अध्यक्षांना पटला.’

‘पिंजरा आणलाय, आता उंदीर चालणार नाही. दमट हवा.’

‘शिंपी म्हणाला, किती दिवस कबुतरं उडवशील, एकदा तोंडाने सांग त्यांना. म्हटलं, सांगतो. आज कबूतर.’

ती मोठ्याने हसली, आणि कोणाला हाक मारून हे वाचून दाखवावं म्हणून मान वळवली. बाबांची खुर्ची रिकामी होती. मग ती पुन्हा पहिल्या पानाकडे आली. ती वायर आपोआप सुटलेली नव्हती, बाबांनी मुद्दाम सैल ठेवली होती; आपण त्या रविवारी नक्की काय दुरुस्त केलं ते तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मंडळाची सभा होती. विषय दोन. पहिला, माइकवाल्यांच्या नावाची पितळी पाटी: ‘तीस वर्षं निष्ठेने आवाज पोचवणारे’. पाटी टेबलावर चकाकत होती. दुसरा, पोलिसांना द्यायचं पत्र. चिटणीसबाईंनी ते वाचलं. या बाई सभेत कोणी शिंकलं तरी लिहून घेत.

“‘हे प्रवचन गेली वीस वर्षं याच शब्दांत होत आहे. वीस वर्षांत कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. सबब घडल्या प्रकाराशी प्रवचनाचा संबंध नाही.’ खाली साक्षीदार म्हणून माइक सांभाळणाऱ्याची सही.”

“सही कर बाळा,” अध्यक्ष म्हणाले. “खोटं तर काही नाही ना यात?”

खोटं एक अक्षर नव्हतं, तीच तर पंचाईत होती. गप्प राहिली असती तर बाबा भिंतीवर चढले असते, आणि सोल्डरची गोष्ट तिच्यापाशीच राहिली असती. तिने पेन उचललं. पेनाच्या सावलीत पाटीवरचं ‘निष्ठेने’ झाकलं गेलं. तिने पेन खाली ठेवलं.

“एक दुरुस्ती आहे. वीस वर्षं गुरुजी हे बोलत होते, बरोबर. पण वीस वर्षं कोणी ते ऐकलेलं नाही.” आणि तिने वही उघडून वाचायला सुरुवात केली. कबूतर, उंदीर, दमट हवा, सगळं तारीखवार. “गेल्या रविवारी पहिल्यांदा ऐकू आलं. कारण वायर मी जोडली. मंगळवारी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“म्हणजे उंदीर नव्हताच?” अध्यक्ष आपल्या बोटाकडे बघत म्हणाले.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण एक वयस्कर सभासद उठले. “हे बघ पोरी, त्या दिवशी हजार माणसांनी ऐकलं. इस्त्री उचलली चौघांनी. बाकीचे घरी जाऊन जेवलेच की!”

“हो काका. मीही जेवले. आणि शब्द अन् शब्द ऐकून जेवले. एका घासालाही अडखळले नाही.”

सभासद खाली बसले. प्रकरण बहुधा तिथेच निवलं असतं. पण इतका वेळ गप्प असलेल्या गुरुजींच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडत होता, आणि तो भलत्याच बाजूने.

“वीस वर्षं?” ते म्हणाले. “वीस वर्षं माझं ते कोणी ऐकलंच नाही?”

“नाही, गुरुजी.”

“अहो, पण तोच तर प्रवचनाचा प्राण! ते काढलं तर राहिलं काय, झाडलोट आणि आंघोळ?” ते उभे राहिले. “तरीच! तरीच मी म्हणत होतो, लोक दगडासारखे बसतात कसे! त्या दीड मिनिटात ताकद आहे ताकद! ते ऐकलं की माणूस जागेवर बसूच शकत नाही, उठतो, हात चालवतो—”

ते थांबले. सभागृहात एकच आवाज येत होता, चिटणीसबाईंच्या पेनाचा.

“‘जागेवर बसूच शकत नाही, उठतो,’” बाईंनी मान वर केली. “पुढचं काय म्हणालात, गुरुजी? ‘हात चालवतो’ ना?”

पत्र गेलं नाही. सभेचा वृत्तान्त मागेल त्याला नक्कल द्यायची, असा मंडळाचा जुना नियम होता. पोलिसांनी मागितला, बाईंनी दिला, शिंकांसकट. पाटी अध्यक्षांनी वर्तमानपत्रात गुंडाळून फ्यूजच्या हातात ठेवली. “ही आता... घरीच बरी दिसेल.”

ती घरी गेली नाही, दुकानावरच्या खोलीत गेली. शिंपीकाका प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसले होते. घड्याळवाले काचा वेचून उरलेली घड्याळं मांडत होते. तिने पाटी दाखवली. ‘निष्ठेने आवाज पोचवणारे’ वाचून शिंपीकाका इतके हसले, की हात दुखून त्यांना शिवी द्यावी लागली.

“काका,” ती म्हणाली, “वायर मी जोडली.”

हसू थांबलं. मांडलेली घड्याळं बोलत होती, प्रत्येक आपापली वेळ.

“वायर तू जोडलीस,” शिंपीकाका म्हणाले. “शब्द त्या गुरुजीचा, इस्त्री त्या चौघांची. आणि तुझा बाप वीस वर्षं कबुतरं उडवत बसला, पण तोंड उघडलं नाही गाढवाने. दोष म्हणशील तर पंगतभर पुरेल.”

“सगळ्यांना सारखा वाढू नकोस म्हणजे झालं,” घड्याळवाले मान न वळवता म्हणाले. “ज्याने वीस वर्षं शिजवला त्याला जास्त वाढ.”

“आणि ही?”

“तिला चमचाभर. पण वाढ, सोडू नकोस. नाहीतर ती रात्रभर स्वतःच ओरपत बसेल.”

फ्यूजने मान हलवली. चमचाभर बरोबर होतं. तिने डोळे पुसले आणि उगीचच खोलीभर पाहिलं. कोपऱ्यात खुंटीला पांढरा, अर्धवट शिवलेला अंगरखा टांगलेला होता. गुरुजींचा. पंधरा वर्षं त्यांचे अंगरखे शिंपीकाकाच शिवत.

“हा अजून इथे?”

“घेतलेलं काम मी अर्धं सोडत नाही. गळाच राहिलाय फक्त. हा हात चालत नाही, तू बस मशीनवर, मी सांगतो तसं शिव.”

तिने सुईत दोरा ओवला. “माप?”

“मागच्या वेळेपेक्षा एक इंच कमी.”

“अहो, बोलता येईल का त्यांना?”

“येईल की. चांगलं दहा मिनिटं येईल,” शिंपीकाका म्हणाले. “मग खोकला.”