दोघी जावांची कादंबरी

माझी मोठी जाऊ आणि मी, आम्ही मिळून पाच कादंबऱ्या लिहिल्या, एकाच टोपणनावाने. आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. शिलाई मशिनं दोन आणि गिऱ्हाईक नसलं की वही एक. माणसांचं बोलणं मोठी लिहायची. घरं, चेहरे, कपडे, ऊनसावली माझ्याकडे. कादंबरी छापून आली की दोघींनी कागदावर आपापली एक जमेची बाजू आणि एक कच्ची बाजू लिहायची, आणि कागद एकमेकींना द्यायचे, असा आमचा नियम होता. दुसरीविषयी अवाक्षर काढायचं नाही.

पाचवीवर वर्तमानपत्रात परीक्षण आलं. संवाद जिवंत आहेत, म्हणे, वर्णनं मात्र पानं भरायला घातल्यासारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोठीने ते कात्रण घडी घालून खणात ठेवलं, तेही मला झोंबलं. त्यात कौतुक तिचंच होतं ना. त्या दुपारी मी कागदावर लिहिलं, 'जमेची बाजू: मला एकटीला लिहिता येतं.' कच्च्या बाजूपुढे मुद्दाम काहीच नाही. तिने वाचलं, बरं म्हणाली आणि वही माझ्याकडे सरकवली.

पुढचा दीड महिना आम्ही शेजारी बसून फक्त कामाचं बोललो. ही पँट दोन इंच कमी, त्या बॅगेची चेन बदलायची. नवऱ्यांनी आधी चेष्टा केली, मग तेही गप्प झाले. मी हट्टाने चाळीस पानं लिहिली. वर्णनं झकास उतरली. पण माझ्या माणसांनी तोंड उघडलं की आवाज मोठीचा. डॉक्टर, पोस्टमन, नवरी मुलगी, सगळी तिच्यासारखेच टोमणे मारायला लागली. तेवढं काढून टाकलं, तर पानांवर नुसतं फर्निचर उरलं. मला तिची फार आठवण यायची, आणि ती तर हातभर अंतरावर काजं करत बसलेली असायची.

शेवटी एका दुपारी नाक मुठीत धरून मी ती पानं तिच्या पुढ्यात ठेवली. मला एकटीला नाही जमत, असं सांगून टाकलं. तिने मशीन थांबवलं आणि मापाच्या रजिस्टरखालून एक वही काढून माझ्या हातात दिली. म्हणजे तीही लिहीत होती. त्यात दोन बायका होत्या. पहिली विचारत होती, 'डोकं दुखतंय का गं आज?' खाली कोरी ओळ. पुन्हा पहिलीचं वाक्य, पुन्हा कोरी ओळ. अशी अकरा पानं.

"दुसरी का बोलत नाही?" मी विचारलं.

"रुसलीये. काय म्हणेल, तेच मला सुचेना. सगळ्यांचं सुचतं, हिचंच नाही."

मला भरून आलं. पेन घेतलं आणि पहिल्या कोऱ्या ओळीवर लिहिलं, 'चुकलं माझं.'

मोठीने चष्मा लावून वाचलं. संवादात तिचा हात कुणी धरणार नाही. तिने मान हलवली.

"खोटं वाटतं. ही जन्मात असं म्हणायची नाही."

"आज म्हणाली, वहिनी," मी म्हटलं. "राहू दे ते."